इंग्रजीचे श्रुतलेखन

नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या कार्यालयात मी कागदपत्रांचे काम पाहते. बागांची नोंदणी, कीटकनाशकांच्या अंशांचे तपासणी अहवाल, अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवरील नोंदी, माल रोग-कीडमुक्त असल्याच्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राचे अर्ज, कंटेनरचे कागद हे सगळे इंग्रजीतच असते आणि ते मला वर्षानुवर्षे बिनचूक भरता येत होते. त्यामुळे आपल्याला कामापुरते इंग्रजी येते, असा माझा समज होता. तीन हंगामांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तो मोडला. खरेदीदाराच्या प्रतिनिधीचा परदेशातून फोन आला. नेहमी बोलणारे आमचे मालक त्या वेळी बागेत होते, म्हणून फोन मी घेतला. प्रतिनिधी जे बोलले त्याचा अर्थ मी ‘शुक्रवारच्या आधी आम्ही माल घेऊ शकतो’ असा लावला. प्रत्यक्षात त्यांनी ‘घेऊ शकत नाही’ असे सांगितले होते. बुधवारी पहाटे तोडणी झाली, क्रेट पॅकहाऊसवर येऊन पडले, आणि माल झटपट थंड करण्याची प्रीकूलिंगची खोली तर दुसऱ्या बागायतदाराच्या मालाने आधीच भरलेली होती. निर्यातीच्या द्राक्षाचा देठ हिरवा राहिला पाहिजे. दिवसभर बाहेर थांबलेल्या त्या घडांचे देठ संध्याकाळपर्यंत सुकू लागले. पॅकिंग हॉलमधल्या बायकांना सगळा माल दुसऱ्यांदा निवडावा लागला आणि त्यातला काही भाग स्थानिक बाजारात कमी भावाने द्यावा लागला. मालकांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही. ‘ताई, यापुढे त्यांच्याकडून सगळं मेलवर लिहूनच मागत जा,’ एवढेच ते म्हणाले. ऐकण्याच्या बाबतीत माझा भरवसा उरला नाही, असा त्या वाक्याचा अर्थ होता, आणि तो मला फार लागला.

एप्रिलमध्ये हंगाम संपला, बागांतून खरड छाटणी सुरू झाली आणि कार्यालयातले काम हलके झाले. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पुन्हा लगबग सुरू होते, म्हणजे हातात सहा महिने होते. कॉलेज रोड आणि कॅनडा कॉर्नरच्या परिसरात इंग्रजी संभाषणाचे वर्ग पुष्कळ आहेत. दोन ठिकाणी मी चौकशी केली. दोन्हीकडे मुलाखतीची तयारी करणारी विशीतली मुले होती आणि स्वतःची ओळख कशी करून द्यावी, गटचर्चेत कसे बोलावे, हे त्यांना शिकवले जात होते. त्यांच्यासाठी ते योग्यच होते. मला मात्र समोरचा माणूस काय म्हणतो आहे ते कळायला हवे होते, आणि तेही फोनवर, जिथे त्याचा चेहरा दिसत नाही. त्या गोष्टीसाठी वेगळा वर्ग कुठेच नव्हता. विनामूल्य संकेतस्थळांकडे मी वळले ते असे.

पहिले दोन महिने माझ्या हाती फारसे काही लागले नाही, आणि त्याचे कारण माझ्या सवयीत होते. 1840 साली स्थापन झालेल्या आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची मी जुनी सभासद आहे. भाषा वाचनाने येते, हा माझा लहानपणापासूनचा विश्वास. म्हणून मी आधी प्रोजेक्ट गुटेनबर्ग उघडले. 1971 पासून चालत आलेला हा पुस्तकांचा साठा आहे, आणि स्वामित्वहक्काची मुदत संपलेली हजारो इंग्रजी पुस्तके तिथे मोफत वाचता येतात. त्याच धर्तीवर 2005 साली सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी मोठ्याने वाचलेली तशीच पुस्तके ऐकायला मिळतात. दोन्ही उपक्रमांविषयी मला मनापासून आदर आहे, पण तिथले बहुतेक इंग्रजी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे, आणि त्या लांब, वळणदार वाक्यांचा द्राक्षाच्या फोनशी काहीच संबंध नव्हता. पुढे मी ड्युओलिंगो घेतले. हिंदीतून इंग्रजी शिकण्याचा त्यांचा अभ्यासक्रम नेटका आहे आणि नवशिक्या माणसाला त्याचा उपयोग नक्की होईल, पण मला जे आधीच येत होते त्याचेच गुण मिळत राहिले. रोज खाडा न करता हजेरी लावल्याचे समाधान वाटायचे, आणि फोनची घंटा वाजली की पोटात गोळा यायचा तो यायचाच.

स्वतःची खरी पातळी मला ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश या संकेतस्थळावर कळली. तिथले पाठ ए1, ए2, बी1, बी2 अशा युरोपात ठरलेल्या चढत्या पायऱ्यांनुसार लावलेले आहेत, आणि वाचन, ऐकणे, लिहिणे, बोलणे यांचे विभाग वेगवेगळे आहेत. वाचनात मला बी2 चे पाठ सहज जमले. ऐकण्यात ए2 चे पाठही दोनदा ऐकावे लागले. एकाच माणसाचे डोळे आणि कान यांच्यात इतके अंतर असू शकते, याची मला कल्पना नव्हती. आमच्या वेळी मराठी शाळांतून इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. ते पहिलीपासून आले 2000 साली. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत आम्ही इंग्रजी वाचले, लिहिले, पाठ केले, पण ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे असा माणूस बोलताना एकदाही ऐकला नाही. ऐकणार तरी कुठे? मग कान तयार व्हायचा कसा?

यातून वाट निघाली ती शाळेतल्याच एका आठवणीने. आमचे गुरुजी दर शनिवारी मराठीचे श्रुतलेखन घेत. ते एक वाक्य दोनदा म्हणत, तिसऱ्यांदा म्हणत नसत, आणि शेवटी आम्ही आपापली पाटी पुस्तकाशी ताडून पाहत असू. तेच इंग्रजीचे करायचे मी ठरवले. त्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशवरची सहा मिनिटांची कार्यक्रममाला निवडली. बीबीसी 1943 पासून इंग्रजी शिकवण्याचे कार्यक्रम करत आली आहे, आणि या मालेची बांधणी अशा सरावाला फार सोयीची आहे. दोन निवेदक एका विषयावर गप्पा मारतात, सुरुवातीला तीन पर्यायांचा एक प्रश्न टाकतात, शेवटी त्याचे उत्तर देतात आणि मधे आलेल्या सहा शब्दांची उजळणी करतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे त्या संपूर्ण संभाषणाची लिखित संहिता तिथेच मिळते. माझे पुस्तक म्हणजे ती संहिता.

निमाणी बसस्थानकाहून दिंडोरीकडे जाणाऱ्या बसमध्ये मी तो भाग नुसता ऐकत असे, संहिता न पाहता. संध्याकाळी घरी शंभर पानी वही घेऊन बसायचे आणि त्यातली फक्त दीड मिनिटे लिहून काढायची. एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, लिहायचे. तीनदा ऐकूनही कळले नाही तर तिथे रिकामी जागा सोडायची, अंदाजाने भरायची नाही, हा नियम मी कसोशीने पाळला. अंदाज अर्थाचा असतो, आणि मला तर ध्वनी पकडायचा होता. दीड मिनिटाला सुरुवातीला तास लागत असे. मग संहिता उघडून लाल पेनाने चुका भरायच्या.

पहिल्या पंधरवड्यातली ती पाने अजून माझ्याजवळ आहेत. रिकाम्या जागा अवघड शब्दांच्या असतील अशी माझी अपेक्षा होती. लाल शाईतले शब्द मी एका कागदावर उतरवले तेव्हा दिसले ते वेगळेच. सुटलेले बहुतेक शब्द पाचवीच्या पुस्तकातले होते: ऑफ, टू, अँड, हॅव, वॉज, देम, कॅन. मोठे शब्द मी जवळजवळ सगळे पकडले होते आणि त्यांच्यामधले लहान शब्द गळून पडले होते. ‘अ लॉट ऑफ’ हे तीन शब्द माझ्या वहीत ‘अलॉटव’ असा एकच निरर्थक शब्द होऊन बसले होते. ‘शुड हॅव’ मधला हॅव मी तीन वेळा ऐकूनही मला ‘शुडव’ एवढेच ऐकू आले. जो शब्द मी हजारदा वाचला होता, लिहिला होता, तो माझ्या कानांनी ओळखलाच नव्हता, कारण माझ्या मनात त्याचा जो उच्चार होता तसा तो कोणी बोलतच नव्हते.

याचे कारण समजून घेतले तेव्हा बऱ्याच गाठी सुटल्या. मराठीत आपण वाक्यातले प्रत्येक अक्षर साधारण सारख्याच वजनाने उच्चारतो. ‘मला बाजारात जायचे आहे’ या वाक्यातले कोणतेही अक्षर आपण गिळत नाही. इंग्रजीत वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर आघात पडतो आणि मधले लहान शब्द दबून जातात, त्यांचे स्वर पुसट होऊन नुसत्या ‘अ’ सारखे उरतात. कॅनचा ‘कन’ होतो, टूचा ‘ट’ होतो, अँडचा ‘अन’. हे आळशी किंवा अशुद्ध बोलणे नसून इंग्रजीची तीच नेहमीची चाल आहे. ती चाल कानात बसली की लहान शब्द ऐकू येत नसले तरी त्यांची जागा ऐकू येते, आणि जागेवरून शब्द कळतो.

आणि मग तो मंगळवारचा फोन. ‘वी कान्ट टेक इट’ असे ते म्हणाले असणार. कान्टमधला शेवटचा ‘ट’ पुढच्या टेकच्या ‘ट’ मध्ये मिसळून गेला, आणि मी त्या ‘ट’ ची वाट पाहत होते, म्हणून मला ‘कॅन’ ऐकू आले. नकार ओळखायचा तो त्या ‘ट’ वरून नाही. होकार असता तर कॅन दबला असता, ‘वी कन टेक’ असा, आणि जोर टेकवर पडला असता. नकारात कान्ट स्वतः ठसठशीत उभा राहतो. यूग्लिश नावाचे एक संकेतस्थळ आहे, त्यावर एखादा शब्द किंवा शब्दसमूह टाकला की तो जिथे उच्चारला गेला आहे असे यूट्यूबवरचे तुकडे एकामागून एक लागतात. ‘कॅन टेक’ आणि ‘कान्ट टेक’ हे दोन्ही शब्दसमूह मी तिथे सलग आठ दिवस ऐकले, वीस-वीस वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही. खाली लिहून येणाऱ्या ओळी हाताने झाकायच्या, होकार की नकार ते कागदावर लिहायचे, मग हात काढायचा. पहिल्या दिवशी माझी निम्मी उत्तरे चुकली. आठव्या दिवशी विसांतली दोन चुकली.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला काही गोष्टी जड जातात आणि काही हलक्या, आणि त्या माहीत असल्या तर कष्ट वाचतात. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसा नाही, म्हणून शिप आणि शीप किंवा फुल आणि फूल यांतला फरक आपल्या कानाला लवकर लागत नाही. माझ्या कामात तर पहिल्या जोडीतला पहिला शब्द रोज लागतो. प्राइस आणि प्राइझ हीसुद्धा अशीच घातक जोडी. मात्र ‘जाळे’ आणि ‘जीवन’ यांतले दोन वेगळे ‘ज’ आपण लहानपणापासून बोलतो, त्यामुळे जीभ दातांजवळ नेऊन काढायचा ध्वनी आपल्याला परका नाही. तिथून इंग्रजी झेडपर्यंत एकच पाऊल उरते, घर्षणाचे. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या विनामूल्य शब्दकोशात प्रत्येक शब्दाचे ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकता येतात. तिथे ऐकायचे, मोबाइलवर स्वतःचा आवाज मुद्रित करायचा, आणि दोन्ही लागोपाठ ऐकायचे. स्वतःचा आवाज ऐकणे पहिल्यांदा नकोसे वाटते, पण त्याला पर्याय मला सापडला नाही.

आकड्यांसाठी मी वेगळी वही केली, कारण आमच्या धंद्यात आकडा चुकला की सगळेच चुकते. कंटेनरच्या क्रमांकात चार अक्षरे आणि सात अंक असतात, आणि त्यातला शेवटचा अंक आधीच्या सगळ्यांवरून हिशेब करून काढलेला ताळ्याचा अंक असतो. फोनवर बी, डी, पी, टी ही अक्षरे एकसारखीच ऐकू येतात. त्यासाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी विमानवाहतुकीत वापरली जाणारी सव्वीस शब्दांची मालिका मी पाठ केली, आणि ती पाठ करायला दोन संध्याकाळी पुरल्या. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांना मात्र दोन आठवडे लागले. शेवटचा ‘न’ ऐकू येईल या भरवशावर राहू नये. थर्टीमध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, थर्टीनमध्ये बहुधा दुसऱ्यावर, आणि तो ‘टी’ लांबतो. या निमित्ताने एक गंमतीची गोष्ट कळली. आपण पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतो, मग वीस. डच भाषेतही तसेच आहे, पाच आणि वीस. आमची बरीच द्राक्षे नेदरलँड्सला जातात, आणि तिथला माणूस व मी दोघेही इंग्रजीत आकडा सांगताना मनातल्या मनात तो उलटा करून घेत असतो, हे समजल्यापासून त्याच्या फोनची माझी भीती बरीच कमी झाली.

लिहिण्याबद्दल थोडक्यात सांगते. केंब्रिजचे राइट अँड इम्प्रूव्ह हे विनामूल्य साधन मी वापरले. त्यात आपला मजकूर टाकला की शंकास्पद वाक्ये रंगवून दाखवली जातात आणि मजकुराची अंदाजे पातळीही कळते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ सारखी उपपदे नाहीत, त्यामुळे माझ्या चुकांमध्ये सर्वांत मोठा वाटा त्यांचाच होता आणि अजूनही आहे. ‘-विषयी चर्चा करणे’ या आपल्या रचनेवरून मी सगळीकडे ‘डिस्कस अबाउट’ लिहीत असे, तेही तिथेच सुटले.

या सगळ्या संकेतस्थळांची एक उणीव मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. तिथे तुमची वाट पाहणारे कोणी नसते, आणि तुम्ही तोंडाने काय बोलता ते ऐकणारेही कोणी नसते. सामग्री इतकी अफाट आहे की आज हे, उद्या ते, असे करत महिने निघून जातात. माझे पहिले दोन तसेच गेले. म्हणून एक मुख्य संकेतस्थळ आणि त्याला पूरक एक-दोन, यापलीकडे जाऊ नये असे माझे मत झाले. बोलण्यासाठी मी गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भाचीला गळ घातली. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. दर रविवारी सकाळी ती मला फोन करायची, शेजारच्या खोलीतून, समोर बसून नाही, हा माझाच आग्रह. ती खरेदीदार व्हायची आणि मी कार्यालयातली मी. सुरुवातीला न कळले की मी गप्प बसायचे. ‘मावशी, गप्प बसू नकोस ना. समोरच्याला वाटतं तुला सगळं कळलं,’ असे ती एकदा म्हणाली, आणि त्या मंगळवारी नेमके तेच झाले होते हे मला तिच्या तोंडून ऐकल्यावर उमगले. मी तेव्हा अर्थ विचारलाच नव्हता. म्हणून आम्ही परत विचारण्याची वाक्ये घोकली: मला जे कळले ते मी पुन्हा सांगते, बरोबर आहे का ते सांगा, तुमच्या म्हणण्याचा अर्थ होय की नाही, कृपया एकेक अंक सांगा. अशी वाक्ये मला ब्रिटिश कौन्सिलच्या बोलण्याच्या विभागातल्या पाठांत सापडली. मराठीत आपण ‘जरा सांगता का’ म्हणतो, त्या ‘जरा’ चे काम इंग्रजीत ‘कुड यू’ ने करायचे असते, हेही त्या पाठांतूनच नीट बसले.

भाची चुका निर्दयपणे दाखवायची. ‘मावशी, तू पुन्हा द खाल्लास,’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले त्याची गणती नाही.

सप्टेंबरअखेर श्रुतलेखनाच्या चार वह्या भरल्या. दीड मिनिटाला लागणारा तास वीस मिनिटांवर आला होता आणि लाल शाई पानावर चार-पाच ठिकाणीच दिसत होती. ज्यांना बीबीसीचा वेग सुरुवातीला झेपणार नाही, त्यांनी व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या शिकणाऱ्यांसाठीच्या जुन्या कार्यक्रमांपासून आरंभ करावा. 1959 साली त्यांनी सुमारे दीड हजार शब्दांत, मुद्दाम संथ गतीने बातम्या देण्याची पद्धत सुरू केली. माझ्या बहिणीला मी तिथूनच सुरुवात करून दिली. मात्र त्या संथ गतीवर फार दिवस रेंगाळू नये, कारण फोनवर तसे कोणी बोलत नाही.

पुढच्या हंगामात जानेवारीपासून मी मालकांच्या शेजारी बसून फोन ऐकू लागले, बोलत नव्हते, नुसती टिपणे घेत होते, आणि फोन संपल्यावर ती त्यांच्या टिपणांशी ताडून पाहत होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते बागेत असताना त्याच प्रतिनिधींचा फोन आला. ठरलेल्या मालातल्या काही पेट्या वेगळ्या लेबलने, पनेटमध्ये म्हणजे छोट्या डब्यांत भरून हव्या होत्या. त्यांनी संख्या सांगितली. मला फिफ्टीन ऐकू आले, जोर दुसऱ्या अक्षरावर होता, मला जवळजवळ खात्री होती. तरीही मी म्हटले, कृपया एकेक अंक सांगता का. ‘वन, फाइव्ह,’ ते म्हणाले. मग शुक्रवारच्या आधी माल घेता येईल का, हे मी स्वतःहून विचारले. या वेळी ‘कन’ दबलेला होता आणि जोर टेकवर होता. मला जे कळले ते मी पूर्ण वाक्यात पुन्हा सांगितले, आणि पलीकडून ‘दॅट्स राइट’ असे उत्तर आले.

फोन ठेवून मी पंधरा हा आकडा आणि गुरुवार हा वार फळ्यावर लिहिला, आणि पॅकिंग हॉलमध्ये पनेट काढायला सांगायला खाली गेले.